निवळी, काथ्या आणि शालूचा रंग : काशीतील रंगीत पाण्याचा इतिहास

गढूळ पाणी स्थिर होऊन स्वच्छ झाले, की मराठीत ते ‘निवळले’ असे म्हणतात. गाळ तळाशी बसल्यावर वर राहणाऱ्या स्वच्छ थराला ‘निवळी’ म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेतील चुन्याची निवळी सर्वांच्या परिचयाची आहे. ज्या झाडाच्या बिया उगाळून गढूळ पाण्यात घातल्या असता ते लवकर स्वच्छ होते, त्या झाडाचे नावही निवळीच. संस्कृतात त्याला कतक आणि वनस्पतिशास्त्रात स्ट्रिक्नॉस पोटॅटोरम असे म्हणतात. झाडाच्या साहाय्याने पाणी स्वच्छ करण्याची कल्पना आपल्या भाषेत किती खोलवर मुरलेली आहे, हे या एका शब्दावरून कळते.

भाताच्या तुसाने, संत्र्याच्या सालीने किंवा शेवग्याच्या बियांनी कापड-व्यवसायाच्या सांडपाण्यातील रंग काढल्याच्या बातम्या विज्ञानवृत्तांत वरचेवर येतात. प्रत्येक बातमीत पदार्थ नवा असतो आणि यशाचा आकडा मोठा असतो. तरीही रंगीत नाले रंगीतच राहतात. असे का होते, हे समजण्यासाठी या प्रयत्नांचा इतिहास पाहावा लागतो. त्यासाठी काशीइतके सोयीचे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. पाणी निवळण्याची प्राचीन कृती, रेशीम रंगविण्याचा जुना व्यवसाय आणि रंग काढण्यावर संशोधन करणारी आधुनिक प्रयोगशाळा या तिन्ही गोष्टी त्या एकाच नगरीशी जोडलेल्या आहेत.

सुश्रुताची यादी

सुश्रुतसंहितेची मांडणी अशी आहे, की काशिराज दिवोदास धन्वंतरी आपल्या शिष्यांना उपदेश करीत आहेत आणि सुश्रुत हा त्या शिष्यांतील प्रमुख आहे. या ग्रंथाच्या सूत्रस्थानातील ४५ वा अध्याय द्रवपदार्थांविषयी असून त्याचा आरंभ पाण्यापासून होतो. गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तू तेथे सांगितल्या आहेत : कतक, गोमेद, कमळाच्या कंदाची गाठ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. सातांपैकी तीन वस्तू सरळसरळ वनस्पतींपासून मिळणाऱ्या आहेत, आणि वस्त्र सुती असेल तर तेही वनस्पतीचेच. मनुस्मृतीत कतकफळाचा उल्लेख दृष्टान्त म्हणून येतो. केवळ नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असे तेथे सांगितले आहे. दृष्टान्त म्हणून वापरता येण्याइतकी ही गोष्ट त्या काळी सर्वपरिचित होती.

या कृतीमागील विज्ञान आज बऱ्याच अंशी उलगडले आहे. पुराच्या पाण्यातील मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो. समान भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ते खाली बसत नाहीत. निवळीच्या बियांत लांबलचक साखळीचे शर्करामय रेणू असतात. ते अनेक कणांना एकत्र गुंफतात, कणांचे गोळे बनतात आणि जड होऊन तळाशी जातात. त्रिपाठी, चौधुरी आणि बोकील यांनी १९७६ साली निवळीच्या बियांचा हा गुण आधुनिक पद्धतीने तपासून प्रसिद्ध केला.

या कृतीला मात्र एक मर्यादा आहे, आणि पुढचा सारा इतिहास त्या मर्यादेपासून सुरू होतो. माती पाण्यात तरंगत असते, तर रंग पाण्यात विरघळलेला असतो. विरघळलेल्या रंगाचा रेणू मातीच्या कणापेक्षा कितीतरी लहान असतो आणि पाण्याच्या रेणूंनी चहूबाजूंनी वेढलेला असतो. लाल रंगाचे द्रावण गाळणीतून गाळले तरी लालच राहते आणि महिनाभर स्थिर ठेवले तरी निवळत नाही. काही रंग तर लिटरमध्ये एक मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रमाणात असले तरी डोळ्यांना जाणवतात. कतकाची बी ज्या गढूळपणावर काम करते, त्याहून ही अडचण वेगळ्या जातीची आहे.

दुर्गाघाट आणि विणकरांची वस्ती

काशीच्या उत्तर भागात पंचगंगा घाट, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट एकमेकांना लागून आहेत. १८ व्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी येथील जमीन घेऊन दुर्गाघाटाची बांधणी केली. त्यांच्या मागोमाग या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती वाढली आणि हा भाग काशीतील मराठी समाजाचे एक मुख्य ठिकाण झाला. पावसाळ्यात गंगा चढते तेव्हा घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. पूर ओसरला, की त्यांवर गाळाचा जाड थर राहतो. पुराचे असे पाणी भांड्यात भरून त्यात तुरटी फिरवायची आणि ते निवळू द्यायचे, ही रीत गंगाकाठी होती आणि गोदाकाठीही होती. सुश्रुताच्या यादीतील वस्तूंचे काम घरोघरी तुरटी करीत असे.

घाटांपासून आत, शहराच्या उत्तर भागात जैतपुरा, अलईपुरा आणि पीली कोठी या विणकरांच्या वस्त्या आहेत. मराठी घरांत लग्नाच्या वेळी ज्याला ‘शालू’ म्हणतात, ते बनारसी वस्त्र अशाच वस्त्यांत विणले जाते. काशीच्या तलम कापडाची ख्याती प्राचीन बौद्ध वाङ्मयातही आढळते. बनारसी वस्त्राच्या उत्पादनातील एक बाब येथे विशेष महत्त्वाची आहे. या कामात कापड विणून मग रंगवीत नाहीत, तर आधी सूत रंगवितात आणि मग ते मागावर चढवितात. कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंकाचा थर असतो. तो घालविण्यासाठी रेशमाच्या लड्या साबणाच्या पाण्यात उकळतात, नंतर त्या रंगाच्या ऊन पाण्यात घोळवितात आणि शेवटी अनेक पाण्यांतून धुऊन काढतात. हे काम एका मोठ्या कारखान्यात एकवटलेले नाही. ते गल्लीबोळांतील लहान रंगशाळांत विखुरलेले आहे. प्रत्येक घाणीनंतर साबण, आम्ल, मीठ आणि उरलेला रंग असे मिश्रण गटारात जाते.

हेच गटार घरगुती सांडपाण्याचेही असते. १८२० ते १८३० या काळात टांकसाळीचे अधिकारी म्हणून काशीत राहिलेले जेम्स प्रिन्सेप यांनी शहरासाठी भूमिगत गटार बांधविले होते. पंचगंगा घाटावरील मशिदीच्या मिनारांची दुरुस्तीही त्यांनीच केली. शहराचे पाणी बाहेर काढावे, हा त्या काळच्या गटारांचा हेतू होता. त्या पाण्यात काय मिसळले आहे, हा प्रश्न त्या वेळी उद्भवला नव्हता, कारण प्रश्न निर्माण करणारे रंग अजून जन्माला यायचे होते.

१८५६ नंतरचे रंग

त्यापूर्वी रंग येत असत ते नीळ, मंजिष्ठ, आल, हळद, कुसुंब अशा वनस्पतींपासून आणि लाखेसारख्या कीटकजन्य पदार्थांपासून. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि तुरटी यांच्या मदतीने ते धाग्यावर पक्के केले जात. हा काळ अगदी निर्मळ होता असे मानणे चूक ठरेल. निळीचे हौद दुर्गंधीसाठी कुप्रसिद्ध होते आणि रंगाऱ्याचे पाणी तेव्हाही रंगीतच असे. परंतु ते रंग ज्या रेणूंचे बनलेले होते, ते रेणू मुळात निसर्गातच तयार होत होते आणि निसर्गातील सूक्ष्मजीवांना परिचित होते.

१८५६ साली लंडनमध्ये १८ वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन बनविण्याच्या खटपटीत होता. त्याच्या हाती एक जांभळे द्रव्य आले. ते रेशमावर चांगले बसते, असे त्याला आढळले. हा पहिला यशस्वी कृत्रिम रंग ठरला. १८५८ मध्ये पीटर ग्रीस याने शोधलेल्या अभिक्रियेतून पुढे अ‍ॅझो रंगांचे प्रचंड कुल निर्माण झाले. १८६८ मध्ये मंजिष्ठेतील रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनले, १८७६ मध्ये मेथिलीन ब्ल्यू आणि १८८४ मध्ये काँगो रेड हे रंग आले, १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात उतरली. १९५६ पासून धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ रंग विकले जाऊ लागले.

या शंभर वर्षांत रंगशास्त्राने एकच गुण सातत्याने वाढविला, तो म्हणजे पक्केपणा. ऊन, घाम, साबण आणि काळ या साऱ्यांना तोंड देईल असा रंग हवा होता आणि तसा तो मिळालाही. जो रेणू कपाटातील शालूवर पन्नास वर्षे टिकतो, तो नदीतही सहजासहजी विघटित होत नाही. शिवाय रंगाच्या पाण्यातील सगळा रंग धाग्यावर चढत नाही. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांच्या बाबतीत १० ते ५० टक्के रंग सांडपाण्यात जात असल्याच्या नोंदी वस्त्ररसायनाच्या वाङ्मयात आहेत. हा रंग पाण्यात शिरणारा सूर्यप्रकाश अडवितो, त्यामुळे पाण्यातील वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात काही अ‍ॅझो रंग तुटून अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स तयार होतात, आणि त्यांपैकी काही कर्ककारक आहेत.

कोळशापासून भुशापर्यंत

विरघळलेला रंग काढण्याची युक्ती वेगळ्याच व्यवसायातून आली. १७८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ याला आढळले, की लाकडी कोळसा द्रावणांतील रंग काढून घेतो. साखरेच्या कारखानदारांनी ही गोष्ट उचलली आणि उसाचा तपकिरी रस कोळशातून गाळण्यास सुरुवात केली. पुढे १८११ पासून हाडांचा कोळसाही वापरात आला. कोळसा रंग पोटात जिरवीत नाही, तर आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. कोळशाच्या आत असंख्य सूक्ष्म छिद्रे असल्याने त्याचा पृष्ठभाग फार मोठा असतो. १९१८ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर याने पृष्ठभागावर रेणूंचा एक थर कसा बसतो, याचे गणित मांडले. आजही रंग काढण्यावरील बहुतेक शोधनिबंधांत त्याचे समीकरण दिसते.

रंगाऱ्याची कला आणि अधिशोषणाचे शास्त्र ही मुळात एकाच क्रियेची दोन रूपे आहेत. रंग पाणी सोडून धाग्यावर जातो, तेव्हा त्याला रंगविणे म्हणतात. तोच रंग पाणी सोडून भुशावर गेला, की त्याला शुद्धीकरण म्हणतात. कापूस आणि लाकडाचा भुसा या दोहोंत सेल्युलोज हे मुख्य द्रव्य आहे. जो रंग ज्या कारणाने सुताला चिकटतो, तो त्याच कारणाने भुशालाही चिकटू शकतो.

उत्तम सक्रिय कोळसा महाग असतो. म्हणून स्वस्त पर्यायांचा शोध सुरू झाला. १९७६ साली बेलफास्ट येथील पूट्स, मॅके आणि हीली यांनी दलदलीतील कुजकट वनस्पतींचे पीट आणि लाकूड यांच्या साहाय्याने रंग काढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. भारतात कोइंबतूरच्या भारतियार विद्यापीठात सी. नमशिवायम यांच्या गटाने १९९२ मध्ये केळीच्या खुंटातील गाभा आणि १९९६ मध्ये संत्र्याची साल यांवर काम केले. गुवाहाटीत कृष्ण भट्टाचार्य आणि शर्मा यांनी कडुनिंबाच्या पानांची भुकटी वापरून काँगो रेड काढण्याचा अभ्यास २००४ मध्ये मांडला. २००६ पर्यंत असे इतके पदार्थ तपासले गेले होते, की ग्रेगोरिओ क्रिनी यांना त्या सर्वांचा विस्तृत आढावा लिहावा लागला.

काशीतील प्रयोगशाळा

काशी हिंदू विश्वविद्यालयाची स्थापना १९१६ ची. त्याच्या तंत्रज्ञान संस्थेतील जलस्थापत्याचे प्राध्यापक आणि संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांनी १९८२ मध्ये संकटमोचन फाउंडेशन स्थापून गंगेच्या शुद्धीसाठी चळवळ उभारली. जून १९८६ मध्ये गंगा कृती योजनेचा आरंभ काशीतच झाला. या योजनेचा मुख्य भर शहरी मैलापाण्यावर होता. मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रे सूक्ष्मजीवांवर चालतात, आणि पक्के कृत्रिम रंग पचविणे त्या सूक्ष्मजीवांना बहुधा जमत नाही.

याच सुमारास त्या संस्थेच्या उपयोजित रसायनशास्त्र विभागात रंग काढण्यावर संशोधन चालू होते. खरे, पांडे, श्रीवास्तव आणि सिंह यांनी १९८७ मध्ये व्हिक्टोरिया ब्ल्यू हा रंग औष्णिक वीजकेंद्रातील फ्लाय अ‍ॅशवर बसविण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९० मध्ये गुप्ता, प्रसाद आणि सिंह यांनी फ्लाय अ‍ॅश आणि दगडी कोळसा यांचे मिश्रण क्रोम रंगासाठी वापरले. दगडी कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचेच अवशेष. आजच्या वनस्पतींकडे हा विभाग पुढे वळला. २००९ मध्ये वाय. सी. शर्मा, उमा आणि एस. एन. उपाध्याय यांनी नारळाच्या काथ्यापासून सक्रिय कोळसा बनवून त्यावर धनभारित रंग बसविण्याचे निष्कर्ष मांडले. नारळ काशीत पिकत नाही, पण देवस्थानांच्या या नगरीत काथ्याचा तुटवडा भासण्याचे कारण नाही.

अशा प्रयोगाची रीत विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. माहीत असलेल्या तीव्रतेचे रंगाचे द्रावण बाटलीत घेतात, त्यात तोललेली भुकटी टाकतात, ठराविक वेळ हलवितात आणि मग द्रावण गाळून त्यात किती रंग उरला हे प्रकाशमापनाने मोजतात. एक ग्रॅम भुकटीने किती मिलिग्रॅम रंग धरला, हा आकडा त्यातून मिळतो. पदार्थांची तुलना बहुधा याच आकड्यावरून होते.

या आकड्याचा व्यवहारातील अर्थ एका साध्या हिशेबाने कळेल. समजा, एका रंगशाळेतून दिवसाला १००० लिटर पाणी बाहेर पडते आणि त्यात लिटरला १०० मिलिग्रॅम रंग आहे. म्हणजे एकूण रंग १०० ग्रॅम झाला. एक ग्रॅम भुसा २० मिलिग्रॅम रंग धरीत असेल, तर दिवसाला ५ किलो भुसा लागेल. हे आटोक्यातले काम वाटते. परंतु तोच रंग गटारातील घरगुती पाण्यात मिसळून पन्नास पट पातळ झाला, तर तेवढ्याच रंगासाठी ५०,००० लिटर पाणी हाताळावे लागते. शिवाय द्रावण पातळ होईल तशी भुशाची रंग धरण्याची क्षमताही घटते, कारण पृष्ठभाग आणि पाणी यांच्यात रंगाची वाटणी द्रावणाच्या तीव्रतेवर अवलंबून असते. म्हणून हा उपाय रंगाऱ्याच्या हौदापाशी शक्य असतो, नाल्याच्या तोंडाशी कठीण होतो आणि घाटाच्या पायरीपाशी निरर्थक ठरतो. दुर्गाघाटाचे पाणी वाचविण्याची जागा दुर्गाघाटावर नाही. ती आतील गल्ल्यांत आहे.

मेथिलीन ब्ल्यू आणि रेशीम

दुसरी अडचण विद्युतभाराची आहे आणि ती बातम्यांत फारशी येत नाही. तूस, भुसा, साल, पाने अशा बहुतेक वनस्पतिज पदार्थांच्या पृष्ठभागावर साध्या पाण्यात ऋणभार असतो. म्हणून मेथिलीन ब्ल्यूसारखे धनभारित रंग त्यांच्यावर चटकन बसतात. हा रंग स्वस्त आहे, मोजायला सोपा आहे आणि पुस्तकी नमुना म्हणून मान्य झालेला आहे. साहजिकच जगभरातील असंख्य प्रयोग त्यावरच झाले आणि ९० टक्क्यांहून अधिक रंग निघाल्याचे निष्कर्ष सहज मिळू लागले.

रेशमाची गोष्ट उलट आहे. रेशीम प्रथिनांचे बनलेले असते. आम्लयुक्त पाण्यात त्यातील अमिनो गट धनभारित होतात आणि ऋणभारित आम्लरंगांना ओढून घेतात. म्हणून आज रेशमासाठी मुख्यतः आम्लरंग वापरतात. सुतासाठीचे रिअ‍ॅक्टिव्ह रंगही ऋणभारितच असतात. म्हणजे प्रयोगशाळेच्या बाटलीत जो रंग सर्वाधिक तपासला गेला आणि विणकराच्या गल्लीतून जो रंग प्रामुख्याने वाहतो, ते विद्युतभाराच्या दृष्टीने परस्परविरुद्ध आहेत. ऋणभारित भुसा ऋणभारित रंगाला जवळ येऊ देत नाही. त्यात खऱ्या सांडपाण्यातील साबण आणि मीठ पृष्ठभागावरील जागांसाठी रंगाशी स्पर्धा करतात. एका रंगाच्या शुद्ध द्रावणात मिळालेले यश गल्लीत टिकत नाही, याची ही रासायनिक कारणे आहेत.

यावर मार्ग आहेत. पाणी आम्लधर्मी केल्यास भुशाचा ऋणभार कमी होतो, आणि रेशमाच्या रंगाचे पाणी मुळातच आम्लधर्मी असते. भुशावर रासायनिक प्रक्रिया करून त्याला धनभार देता येतो, मात्र त्याने खर्च वाढतो. तिसरा मार्ग पुन्हा बियांकडे नेतो. शेवग्याच्या बियांत धनभारित प्रथिने असतात. ती ऋणभारित रंगांना पकडून साकळवितात आणि तळाशी नेतात. स्पेनमधील एक्स्ट्रेमादुरा विद्यापीठात बेल्ट्रान-एरेदिया आणि सांचेझ-मार्टिन यांनी २००८ च्या सुमारास अ‍ॅझो रंगांवर शेवग्याच्या बियांचा अर्क वापरून हे दाखविले. सुश्रुताच्या यादीतील बी ज्या मर्यादेपाशी थांबत होती, ती मर्यादा दुसऱ्या एका बीने काही प्रमाणात ओलांडली, कारण येथे बियांतील प्रथिनांचा भार रंगाच्या भाराच्या विरुद्ध होता.

दुसरी पंचगंगा

दुर्गाघाटाला लागून असलेल्या पंचगंगा घाटाचे नाव पाच प्रवाहांच्या संगमाच्या श्रद्धेवरून आले आहे. कोल्हापूरची पंचगंगा नदीही कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमावरून तेच नाव धारण करते. तिच्या काठावर इचलकरंजी हे वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र आहे, आणि रंगीत सांडपाण्याचा प्रश्न तेथेही जुना आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या प्रश्नाचा विचार वेगळ्या दिशेने झाला. वाळलेल्या वनस्पतीवर रंग नुसता बसविण्याऐवजी जिवंत वनस्पतीकडून तो तोडून घेता येईल का, हे तेथील संशोधकांनी तपासले.

२००९ मध्ये तेथील गटाने झेंडूच्या एका जातीच्या प्रयोगशाळेत वाढविलेल्या केसाळ मुळांनी रिअ‍ॅक्टिव्ह रेड १९८ हा रंग विघटित केल्याचे प्रसिद्ध केले. संजय गोविंदवार यांच्या गटाने २०११ मध्ये पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा, म्हणजे बागेत ‘ऑफिस टाइम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फुलझाडाने, नेव्ही ब्ल्यू जातीचा एक रंग तोडल्याचे दाखविले. वनस्पतींतील पेरॉक्सिडेझ आणि लॅकेझ यांसारखी विकरे रंगाच्या रेणूचे तुकडे करतात. पुढे या गटाने पाणवनस्पती लावलेल्या चरांत आणि तरंगत्या वाफ्यांवर प्रत्यक्ष वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासह प्रयोग केले.

या मार्गाला जागा आणि वेळ लागतो. इचलकरंजीच्या परिसरात त्यासाठी जमीन मिळू शकते. काशीच्या गल्लीत, जेथे घराखाली रंगाचा हौद आणि वर माग असतो, तेथे ती मिळणार नाही. म्हणून कोल्हापूरचा उपाय काशीत जसाच्या तसा नेता येत नाही, आणि काशीचा उपाय कोल्हापुरात नेण्याची गरज नाही.

धरलेला रंग जातो कुठे?

अधिशोषणाने रंग नाहीसा होत नाही. तो फक्त जागा बदलतो. दिवसाला ५ किलो कोरडा भुसा म्हणजे महिन्याला दीड क्विंटल, आणि ओला झाल्यावर त्याचे वजन कितीतरी अधिक. हा रंगाने भरलेला भुसा उघड्यावर टाकला, तर पहिल्या पावसात त्यातील काही रंग पुन्हा सुटतो आणि त्याच नाल्यात जातो. तो साध्या चुलीत जाळला, तर रंगातील नायट्रोजन, गंधक आणि क्वचित धातू धुरात व राखेत उतरतात. आम्ल किंवा अल्कली वापरून भुसा धुतला, तर रंग पुन्हा पाण्यात येतो, मात्र थोड्या पाण्यात आणि अधिक तीव्रतेने. विटांच्या मातीत मिसळणे किंवा उच्च तापमानाच्या भट्टीत जाळणे हे पर्याय सुचविले जातात, पण त्यासाठी तो भुसा गल्लीगल्लीतून गोळा करणारी व्यवस्था लागते. साखर-कारखान्यांत कोळसा जुना झाला, की तो भट्टीत तापवून पुन्हा वापरता येत असे. ती सोय तेथे होती, कारण कोळसा, भट्टी आणि मालक एकाच आवारात होते.

अडीचशे वर्षांच्या या इतिहासातून दिसते ते असे, की योग्य वनस्पती शोधणे हे या कामातील सर्वांत अवघड पाऊल कधीच नव्हते. तूस, काथ्या, साल, बी यांपैकी कोणतेही काहीतरी रंग धरतेच. अडले ते तीन ठिकाणी : पदार्थाचा भार आणि रंगाचा भार जुळविणे, रंग नाल्यात मिसळण्यापूर्वी हौदापाशीच पकडणे, आणि पकडलेल्या रंगाची विल्हेवाट लावणे. पहिला प्रश्न रसायनशास्त्राचा आहे, दुसरा शहररचनेचा आणि तिसरा अर्थकारणाचा.

या तिन्ही प्रश्नांच्या केंद्रस्थानी रंगारी उभा आहे, आणि इतिहासात त्याची नोंद सर्वांत कमी झाली आहे. कोणत्या दिवशी कोणता रंग लागला, पाणी किती आम्ल होते, किती रंग लडीवर चढला आणि किती वाया गेला, हे कोणत्याही शोधनिबंधापेक्षा त्याला अधिक नेमके ठाऊक असते. वाया गेलेला रंग म्हणजे त्याने विकत घेतलेला माल असतो, त्यामुळे तो वाचविण्यात त्याचाही स्वार्थ आहे. मात्र भुसा आणणे, बदलणे आणि उचलून नेणे यांचा भार एकट्या त्याच्यावर पडला, तर आधीच तुटपुंज्या मजुरीवर चालणारा हा व्यवसाय तो पेलू शकणार नाही. शालूच्या किमतीत सोन्यारुप्याच्या जरीचा हिशेब असतो, विणकरीचा असतो, दुकानदाराच्या नफ्याचाही असतो. धुऊन गेलेल्या रंगाचा हिशेब त्या किमतीत अद्याप कोणी धरलेला नाही.

पुढच्या वेळी एखाद्या नव्या पानाने वा सालीने रंग काढल्याची बातमी वाचताना विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारून पाहावेत. तपासलेला रंग धनभारित होता की ऋणभारित? पाणी प्रयोगशाळेतील होते की रंगशाळेतील? एक ग्रॅम पदार्थाने किती रंग धरला? आणि त्यानंतर त्या पदार्थाचे काय केले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधनिबंधांत बहुधा सापडतात. चौथ्याचे उत्तर ज्या दिवशी गल्लीतल्या व्यवस्थेत सापडेल, त्या दिवसापासून नाल्याचे पाणी खऱ्या अर्थाने निवळू लागेल.